पसरलेलं घर: होटगीच्या जमाखर्चाविषयी



स्मृतिव्याख्यानात आधी ज्यांची स्मृती त्यांच्याविषयी चार शब्द बोलायचा रिवाज आहे. गुरुजींविषयी मी एवढंच सांगेन की त्यांनी हयातभर शाळेचा पट लिहिला, आणि शाळेचा पट हा गावातला स्थलांतराचा सगळ्यात प्रामाणिक कागद असतो. पोर कधी आलं, कुठल्या शाळेतून आलं, दाखला घेऊन कुठल्या गावाला गेलं, हे तिथे तारखेनिशी सापडतं. तलाठ्याच्या दप्तरात जमीन असते, ग्रामपंचायतीत घरपट्टी असते. माणूस हलला याची दखल घेतो तो पट. आजचा विषय त्या पटाच्या थोडा पुढचा आहे. माणूस हलतो तेव्हा त्याच्या घराचं काय होतं, आणि पैसा कुठून कुठे जातो?

या प्रश्नाला सोलापूरजवळचं होटगी बरं गाव आहे, कारण ते जंक्शन आहे. मुंबईची रेल्वे १८६० मध्ये सोलापूरला पोचली आणि १८७१ पर्यंत रायचूरला जाऊन भिडली. मग १८७६ ते ७८ चा दुष्काळ आला. सोलापूर-विजापूरचा पट्टा त्यात होरपळून निघाला. १८८० च्या दुष्काळ आयोगाने कोरडवाहू मुलखात धान्य पोचवायला लोहमार्ग हवेत असं सांगितलं. १८८२ मध्ये सदर्न मराठा रेल्वे कंपनी उभी राहिली आणि १८८४ मध्ये होटगीहून विजापूरमार्गे गदगकडे मीटरगेज गाडी धावू लागली. म्हणजे हे जंक्शन दुष्काळाच्या पोटी जन्मलं. गाडी काढली ती धान्य आत आणायला. माणसं बाहेर नेण्याचं काम तिने आपणहून अंगावर घेतलं.

तरी सोलापूर जिल्ह्याचं जुनं चित्र कोकणाच्या उलटं होतं, हे विसरू नये. रत्नागिरीचा गडी मुंबईच्या गिरणीत जायचा, बायकापोरं गावी ठेवायचा आणि पोस्टमनच्या पिशवीवर घर चालायचं. आपला जिल्हा माणसं घेणारा होता. त्याच दुष्काळात, १८७७ मध्ये, मोरारजी गोकुळदासांनी सोलापुरात गिरणी काढली. तीच आपली जुनी मिल. मागोमाग लक्ष्मी, विष्णू, नरसिंग गिरजी उभ्या राहिल्या. तेलंगणातून पद्मशाली विणकर आले आणि पूर्व भागात अख्खं तेलुगू शहर वसलं. होटगीच्या माणसाला गिरणीत जायला मुक्काम हलवावा लागत नव्हता. सायकलीने किंवा गाडीने जायचं आणि रात्री घरची भाकरी खायची. कमाई शहराची, चूल गावाची, आणि मधलं अंतर एका पाळीचं. मिली बंद पडत गेल्या, जुनी मिल साठच्या दशकात, लक्ष्मी-विष्णू नव्वदच्या दशकात, तसं ते अंतर पंधरा किलोमीटरचं पुण्यापर्यंत अडीचशे किलोमीटर झालं. आता सकाळची हुतात्मा एक्स्प्रेस आणि रात्रीची सिद्धेश्वर एक्स्प्रेस भरून जाते ती या अडीचशे किलोमीटरच्या जोरावर.

आता मोजणीकडे वळू. जनगणनेत कुटुंब कुणाला म्हणतात? जी माणसं सामान्यतः एकत्र राहतात आणि एका स्वयंपाकघरातलं जेवतात, ते कुटुंब. व्याख्येला एक शेपूट आहे: कामाच्या निकडीमुळे कुणाला तसं जमत नसेल तर सूट. ही सूट लिहिणाऱ्याच्या डोळ्यांपुढे रात्रपाळीचा वॉचमन असेल, फार तर मळ्यात वस्तीला असणारा गडी. आज आपलं अर्धं गाव त्या सुटीत राहतं. नमुना पाहण्यांचा नियम वेगळा आहे. तिथे सहा महिने हा काटा. सहा महिने किंवा अधिक राहिलं ते नेहमीचं ठिकाण. मागचं नेहमीचं ठिकाण वेगळं असेल तर तुम्ही स्थलांतरित. २०२०-२१ च्या श्रमशक्ती पाहणीत देशात या अर्थाने स्थलांतरित निघाले २८.९ टक्के लोक. पुरुष १०.७ टक्के, बाया ४७.९ टक्के. बायांचा आकडा का फुगला ते तुम्हाला मी सांगायला नको. लग्न. त्या आकड्याकडे मी शेवटी परत येणार आहे.

अमेरिकेत हीच मोजणी वेगळ्या वाटेने होते, आणि तिची गंमत पाहण्यासारखी आहे. तिथलं प्राप्तिकर खातं दोन लागोपाठ वर्षांच्या विवरणपत्रांवरचे पत्ते जुळवून पाहतं. पत्ता एका कौंटीतून दुसरीत गेला की घर हललं असं धरतात. कौंटी म्हणजे आपल्या तालुका-जिल्ह्याच्या मधलं काहीतरी. मग दरवर्षी छापून येतं: अमुक कौंटीतून इतकी घरं गेली, इतकी आली, त्यांच्याबरोबर इतकं उत्पन्न गेलं आणि आलं. खेड्यातल्या कौंटीचा कारभारी तो तक्ता उघडून आपल्याकडून वर्षात किती मिळकत निघून गेली ते पाहू शकतो. तक्त्यात उणिवा आहेत. जो विवरणपत्रच भरत नाही तो गरीब माणूस त्यात नाही. पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे तो तक्ता एका गृहीतकावर उभा आहे: घर हललं की त्याची सगळी मिळकत त्याच्यासोबत हलते. तिकडे ते बरंचसं खरं असेल. माणूस सामान भरतो, घर विकतो, जातो. होटगीला हे गृहीतक लावून पाहा. इथे पोरगा पुण्याजवळच्या चाकणला कारखान्यात जातो. त्याची बायको सासू-सासऱ्यांकडे, पोर जिल्हा परिषदेच्या शाळेत, नाव इथल्या मतदार यादीत, रेशन इथलं, सातबारा बापाच्या नावावर. हललं काय? एक माणूस आणि एक पगार. घर फक्त लांबलं.

असं एक लांबलेलं घर आपण उभं करू. ते कुणाचंही नाही, पण इथे बसलेल्या अनेकांना ओळखीचं वाटेल. चार एकर रान. तूर, उडीद आणि रब्बीची ज्वारी. थोरला चाकणला ठेकेदाराकडे. धाकटा पुण्यात सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहून स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतो. मुलगी पलीकडे कर्नाटकात इंडी तालुक्यात दिलेली. घरी आई-बाप, सून आणि नातू. पाहणीचा माणूस आला तर विचारणार, बाहेरून महिन्याला किती येतात? बाप सांगणार, थोरला पाठवतो काहीतरी. तो आकडा फॉर्मात बसला की गाव शहराच्या पैशावर जगतं असा निष्कर्ष तयार.

पण त्याच घरातून काय जातं ते कुणी विचारत नाही. धाकट्याच्या क्लासची फी जाते, कॉटचं भाडं जातं, मेस जाते, अभ्यासिकेचे पैसे जातात. थोरल्याने खोली घेतली तेव्हा अनामत इथून गेली. ती कुठून आली? पतसंस्थेत सोनं तारण ठेवून. बचत गटाचं कर्ज शेळीच्या नावाने निघतं आणि पुण्याच्या मेसमध्ये संपतं. गटाच्या बायांना ते माहीत असतं, बँकेच्या साहेबालाही बहुधा माहीत असतं, फक्त कागदाला माहीत नसतं. शिवाय ट्रॅव्हल्सच्या डिकीतून ज्वारीचं पोतं जातं, तुरीची डाळ जाते, कडक भाकरीची चवड आणि शेंगाचटणीचा डबा जातो. पुण्यातल्या वाणसामानाच्या बिलातून तेवढी रक्कम वजा होते, म्हणजे तेवढा पगार इथून भरला गेला. थोरल्याला ताप आला किंवा ठेकेदाराने ब्रेक दिला तर तो येतो कुठे? महिना-दोन महिने कोण पोसतं त्याला? चाकणच्या कंपनीला जी मजुरी परवडते ती परवडण्याचं एक कारण हे आहे की आजारपण, बेकारी, म्हातारपण आणि पोराचं संगोपन ही चार खाती होटगीच्या वहीत पडतात.

माझं म्हणणं एवढंच आहे की आपण आजवर अर्धी वही वाचत आलो. बाहेरून येणारा पैसा दिसतो, कारण तो आकड्यात येतो. जाणारा पैसा धान्य, श्रम, कर्ज, विकलेली जमीन अशा रूपांत जातो आणि त्यातला बराच आधी जातो, येण्याच्या कितीतरी वर्षं आधी. गाव हे शहराचं आश्रित आहे ही समजूत त्या अर्ध्या वहीतून आलेली आहे. पूर्ण वही लिहिली तर कित्येक घरांत गाव हे शहराचं सावकार निघेल. व्याज न लावणारं, आणि मुद्दलही न मागणारं.

ही वही अपुरी असण्याचा इतिहास जुना आहे. १९१७ मध्ये डॉ. हॅरल्ड मान यांनी पुण्याजवळच्या पिंपळे सौदागर गावाचा अभ्यास प्रसिद्ध केला. घरोघरचा जमाखर्च मांडणारा आपल्याकडचा तो पहिल्या काही प्रयत्नांपैकी. १०३ कुटुंबांपैकी ६७ कुटुंबांचं शेती आणि बाहेरची मजुरी मिळूनही भागत नाही, असं त्यांना दिसलं. म्हणजे शंभर वर्षांपूर्वीही गाव शेतीवर जगत नव्हतं. जवळच खडकीचा दारूगोळा कारखाना होता, तिथल्या मजुरीचा आधार होता. त्याच पिंपळे सौदागरला आज मनोरे उभे आहेत, आणि त्यांतल्या काही सदनिकांची पहिली रक्कम आपल्या बाजूच्या काळ्या रानातून गेली असेल तर मला नवल वाटणार नाही.

अलीकडचा आकडा घ्या. २०१८-१९ च्या देशव्यापी पाहणीत शेतकरी कुटुंबाचं सरासरी मासिक उत्पन्न १०,२१८ रुपये निघालं. त्यात मजुरी-पगाराचे ४,०६३, पिकांचे ३,७९८, जनावरांचे १,५८२, बिगरशेती धंद्याचे ६४१ आणि जमीन खंडाने दिल्याचे १३४. शेतकऱ्याच्या घरात पिकापेक्षा मजुरी जास्त, यावर तेव्हा बरंच लिहून आलं. मला त्या बेरजेत दुसरीच गोष्ट खटकली. पाच खणांत बाहेरगावच्या मुलाने पाठवलेल्या पैशाला खण नाही, आणि त्याला पाठवलेल्या पैशाला तर नाहीच. तो खण घातला असता तर काय निघालं असतं याचा अंदाज मी करणार नाही.

बरं, पैसा एकाच दिशेने वाहत नाही, आणि आपण फक्त देणारे किंवा फक्त जाणारेही नाही. दिवाळीच्या आसपास बीडकडून ऊसतोडीच्या टोळ्या आपल्या जिल्ह्यात येतात. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मुकादम त्यांना हंगामाआधी उचल देतो. ही उचल समजून घ्या. मजुरी इथे व्हायची असते, पण पैसा आधीच तिकडे पोचलेला असतो आणि बहुधा संपलेलाही असतो, जुन्या कर्जात, लग्नात, दवाखान्यात. पुढचे पाच महिने जोडी फडात राबते ती खर्च होऊन गेलेल्या कमाईसाठी. कुठल्याही महिन्याच्या उत्पन्नाच्या फॉर्मात हे बसवून दाखवा. आणि मोजणीचं काय होतं? २०११ च्या जनगणनेत घरयादी झाली आधीच्या उन्हाळ्या-पावसाळ्यात आणि शिरगणती झाली ९ ते २८ फेब्रुवारीत. घरयादीच्या वेळी हे कुटुंब बीडच्या घरात होतं, फेब्रुवारीत आपल्याकडच्या उसाच्या फडाशेजारी खोपीत. बीडला घर आहे आणि माणसं नाहीत. इथे माणसं आहेत आणि घर नाही. पोरांसाठी गावी हंगामी वसतिगृह काढतात तेव्हा तिसरीच चूल पेटते.

होटगीच्या शिवेवर याच चित्राची आणखी एक बाजू आहे. फताटेवाडी-आहेरवाडीचं एनटीपीसीचं वीजकेंद्र १,३२० मेगावॉटचं आहे. पहिला संच २०१७ मध्ये आणि दुसरा २०१९ मध्ये सुरू झाला. पाणी उजनीहून नळाने येतं. बांधकामाच्या वर्षांत बाहेरच्या राज्यांतले कामगार इथे खोल्या घेऊन राहिले आणि आपापल्या गावी पैसे पाठवत राहिले. त्यांच्या आई-बापांच्या वहीत होटगी म्हणजे आपल्या वहीतलं चाकण. बांधकाम संपल्यावर एवढ्या मोठ्या केंद्राला हात थोडे लागतात, हे आपण पाहिलंच. भूसंपादनाच्या मोबदल्याचा पैसा एकदाच येतो. त्यावर इथे बोललो तर व्याख्यान भांडणाकडे जाईल, म्हणून पुढे जातो.

कुंभारीचं उदाहरण मात्र सोडवत नाही. शहरातल्या विडी कामगार बायांसाठी लाल बावट्याच्या लोकांनी आधी गोदूताई परुळेकर वसाहत उभी केली, दहा हजार घरांची. मग तिथेच रे नगर, तीस हजार घरांचा प्रकल्प. त्यातल्या १५,००० घरांचं लोकार्पण जानेवारी २०२४ मध्ये झालं. यंत्रमागावरचे, विडी वळणारे, कचरा वेचणारे, गवंड्याच्या हाताखालचे लोक तिथे राहायला गेले. कुंभारी आपल्याच दक्षिण सोलापूर तालुक्यात आहे. म्हणजे कागदावर हे शहरातून खेड्यात झालेलं स्थलांतर आहे! कमाई शहराची, हजार विड्यांमागची मजुरी शहरातल्या कारखान्याची, आणि मुक्काम ग्रामीण शिवारात. पुढच्या जनगणनेत ते गाव म्हणून मोजलं गेलं तर दक्षिण सोलापूरच्या ग्रामीण भागात बिगरशेती रोजगार एकदम वाढलेला दिसेल, आणि कुणीतरी त्यावर ग्रामीण औद्योगिकीकरणाचा लेख लिहील. तसा लेख दिसला की हे आठवा.

मग हा लांबलेला संसार कुठल्याच सरकारी कागदाला दिसत नाही का? एका यंत्राला दिसतो, आणि ते म्हणजे रेशन दुकानातलं ई-पॉस. एक देश एक शिधापत्रिका योजनेत एकाच कार्डावरचं काही धान्य गावी आणि उरलेलं दुसऱ्या शहरातल्या दुकानात उचलता येतं. थोरल्याने पिंपरी-चिंचवडच्या दुकानात अंगठा लावला आणि आईने होटगीत लावला की त्या महिन्याची नोंद सांगते, हे कुटुंब एक आहे आणि दोन ठिकाणी जेवतं आहे. जनगणनेच्या व्याख्येला जे जमलं नाही ते अंगठ्याने केलं. पण ही नोंद पुरवठा खात्यात धान्याचा हिशेब म्हणून पडून राहते. गावनिहाय बेरीज करून ग्रामपंचायतीला दिली, नावं वगळून, तर कुठल्या महिन्यात गाव किती लांबतं ते कळेल.

आता मघाशी बाजूला ठेवलेला आकडा, ४७.९ टक्के. आपल्याकडे अर्ध्याअधिक सुना सीमेपलीकडून येतात असं मी म्हणणार नाही, पण इंडी, विजापूर, अक्कलकोट, कलबुर्गी हा आपला सोयरिकीचा मुलूख आहे आणि कन्नड-मराठी दोन्ही या गावच्या घरातल्या भाषा आहेत. या बायांच्या पुढे कारणाच्या रकान्यात लग्न लिहिलं की विषय मिटतो. ती सून सासरी आल्यावर रान खुरपते, जनावरं करते, सासूचा बीपी सांभाळते, आणि तिच्या जिवावर नवरा चाकणला राहू शकतो. तिचं येणं ही नवऱ्याच्या जाण्याची पूर्वअट आहे. दोन हालचाली एकाच सौद्यातल्या आहेत, आणि पाहणीत एक रोजगारासाठी म्हणून लिहिली जाते, दुसरी लग्नासाठी. १९८१ च्या जनगणनेपासून आपण कारण विचारतो आहोत, आणि एका माणसाला एकच मुख्य कारण ही अट आजही सुटलेली नाही. तिच्या माहेरहून पहिल्या बाळंतपणात जे येतं, सणाला जे येतं, अडीअडचणीला भाऊ जे देतो, तेही मिळकतीच्या वाहण्यातच धरायला हवं. ती माहेरी जाते आणि पिशवी भरून येते. ती पिशवी कुठल्या खणात लिहिणार?

पुढची घरयादी २०२६ ची आणि शिरगणती फेब्रुवारी २०२७ ची आहे. प्रगणक म्हणून बहुधा शाळेतलेच गुरुजी किंवा बाई दारात येतील. त्यांना दिलेल्या प्रश्नांपलीकडे विचारायची मुभा नसते, त्यांच्यावर रागावू नका. आपली वही आपणच लिहायची. रकाने मोजकेच असावेत: या घराशी बांधलेली माणसं कोण कोण, गेल्या बारा महिन्यांत कोण कुठे किती महिने जेवलं, काय आलं, काय गेलं, आणि गेलेल्यात धान्य, तारण ठेवलेलं सोनं व विकलेलं रान वेगळं. कुणाचं कर्ज किती हे विचारू नये. ते गावच्या सावकाराला माहीत आहेच, चावडीला माहीत व्हायची गरज नाही. आणि उत्तर कर्त्या पुरुषाकडून घेऊ नये. त्याला थोरल्याने पाठवलेली रक्कम पाठ असते, पोत्यांची संख्या नसते. ती घरातल्या बाईला माहीत असते, पोतं शिवून तिनेच दिलेलं असतं.

सुरुवात सगळ्या गावापासून करू नका, जमणार नाही. स्टेशनाकडचा एक वॉर्ड घ्या, तिथे ज्यांची माणसं बाहेर आहेत अशी घरंही आहेत आणि बाहेरून आलेली बिऱ्हाडंही. सोलापूर विद्यापीठाच्या अर्थशास्त्राच्या मुलांना हाताशी घ्या. त्यांतली काही याच तालुक्यातली निघतील आणि त्यांची स्वतःची मेस कुठून भरली जाते हे त्यांना विचारलं तरी पहिलं पान लिहून होईल. वर्षभरात एवढं झालं तर पुढच्या साली या व्याख्यानमालेत ती वही वाचावी. वक्ता बाहेरून बोलवायचा खर्चही वाचेल.